परदेशात शिकलेल्या आपल्या मुलांना तिथेच नोकरी मिळावी म्हणून काय करता येईल?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी लेक नाशिकमध्येच मेकॅनिकल झाली, दोन वर्षं अंबडला एका कंपनीत होती आणि मग मास्टर्सला जर्मनीला गेली. पूर्वेकडचं शहर, सरकारी विद्यापीठ, त्यामुळे फीचा बोजा नाही. पण ब्लॉक अकाउंटला (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच ज्या खात्यात भरून दाखवावे लागतात ते) भरायचे ११ हजारांवर युरो, विमा, तिकीट, दुसऱ्या वर्षाचा खर्च असं सगळं धरून कर्ज काढावंच लागलं. गेल्या ऑक्टोबरात पदवी मिळाली, गुणही छान आहेत. नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळाला. त्यातले सात महिने गेले.

रोज रात्री जेवणं आटोपली की तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिने अर्जांचं एक्सेल केलंय. अर्ज टाकला की ओळ पांढरी, मुलाखतीला बोलावलं की पिवळी, नकार आला की लाल. परवा तिने स्क्रीन दाखवली. १४६ ओळी. पिवळ्या चार. तळाशी पंचवीस-तीस पांढऱ्या, ज्यांचं उत्तरच आलेलं नाही. बाकी वरपासून खालपर्यंत लाल. ती काही बोलली नाही, मीही काही बोलले नाही. मग तिनेच विचारलं, "आई, भाजी काय केली होतीस?"

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. उरलेल्या अकरा महिन्यांत तिने काय करावं? आणि मुळात या मुलांना बोलावून घेतात, शिकवतात, तरी नोकरीच्या दारात ती अडकतात का? तिथल्या विद्यापीठांनी, कंपन्यांनी आणि इथून पाठवणाऱ्या आपण काय वेगळं करायला हवं? तिच्या कॉलेजातली, येत्या सप्टेंबरात निघणारी पोरं मला विचारायला घरी येतात. त्यांना काय सांगू?

पंचवटी_एक्सप्रेस

वाचतोय. माझा मेहुणाही याच फेऱ्यात आहे, आयर्लंडला. काकू, धीर सोडू नका.

ओझरकर_श्टुटगार्ट

काकू, सविस्तर लिहितो, पण आधी सांगा: जर्मन कुठपर्यंत झालंय? आणि शिकताना कंपनीत काम केलं होतं का?

इंदिरानगरची_आई

ए२ झालंय (ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या पायऱ्यांतली दुसरी). अभ्यासक्रम इंग्रजीत होता म्हणून पुढे राहूनच गेलं. कामाचं म्हणशील तर गोदामात करायची, पॅकिंगचं. पैसे बरे मिळायचे आणि घरून मागावे लागायचे नाहीत. प्रबंध विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतच केला.

ओझरकर_श्टुटगार्ट

अंदाज होताच. यात तिची चूक नाही, आमच्यातल्या निम्म्या मुलांचं हेच होतं, कारण जाण्याआधी हे कुणी सांगतच नाही.

इथे वर्कस्टुडंट नावाचा प्रकार आहे. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कंपनीत, आपल्या विषयातलं काम करायचं. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आधी १२० आणि २४० होते. हे दिवस गोदामात घालवायचे की कंपनीत, यावर पुढचं सगळं ठरतं. कंपनी तुम्हाला वर्षभर बघते, मग प्रबंधही तिथेच करायला देते, आणि जागा निघाली की ओळखीच्या मुलाला आधी विचारते. इथे मालक अनोळखी माणसाला घ्यायला फार कचरतो, कारण एकदा घेतलं की सहज काढता येत नाही.

आता उरलेल्या अकरा महिन्यांचं. या परवान्यावर तिला कुठलंही काम करता येतं हे लक्षात ठेवा. म्हणजे थेट कायमची नोकरी मिळत नसेल तर इंजिनिअरिंगमधलंच सहा महिन्यांचं कंत्राटी काम घ्यावं. मोठ्या नावाच्या कंपन्यांवर जग तुटून पडतं. हजार-दोन हजार वस्तीच्या गावातही इथे शंभर-दोनशे माणसांच्या कंपन्या असतात, तीन पिढ्यांपासून एखादा व्हॉल्व्ह नाहीतर गिअर बनवणाऱ्या. त्यांना माणसं हवी असतात, फक्त फोरमनशी जर्मनमध्ये बोलता आलं पाहिजे. त्यामुळे बी१ तातडीने आणि लगेच बी२. रोज चार तास अर्ज टाकत असेल तर त्यातले तीन भाषेला द्यावेत.

पगाराचंही बघा. ब्लू कार्डासाठी (जास्त पगाराच्या पदवीधरांना मिळणारा कामाचा परवाना) नव्या पदवीधरांची किमान पगाराची मर्यादा २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. ती दरवर्षी बदलते, म्हणून ताजा आकडा बघून घ्या. तेवढा पगार नसला तरी जर्मन पदवीवर कुशल कामगाराचा साधा परवाना मिळू शकतो. हे मुलांना ठाऊक नसतं, छोट्या कंपन्यांना तर नसतंच.

सिन्नरकर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. तिथेच नोकरी मिळायला हवी हा हट्ट कशाला? शिकून परत या ना. माझं माळेगाव एमआयडीसीत मशिनिंगचं युनिट आहे, मला चांगला इंजिनिअर मिळत नाही. सातपूर-अंबडला कुणालाही विचारा. आपली हुशार पोरं आपण तिकडे पाठवतो आणि मग त्यांच्या दारात उभं राहायचं, हे मनाला पटत नाही.

निफाडची_लेक

सिन्नरकर काका, तुमची तळमळ कळते. पण हिशोब करू. २५ लाखांचं शैक्षणिक कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. हप्ता येतो महिना ३३-३४ हजार. नाशिकमध्ये एक-दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीला तुम्ही किती पगार द्याल? त्यातून हप्ता गेल्यावर उरेल काय? परत यायचं की नाही हे ठरवायची मोकळीक आधी कर्ज फिटल्यावर मिळते. मीही परत येणार आहे, पण हप्ते संपल्यावर.

मी इंग्लंडमध्ये आहे, इथलं सांगते. ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिकून झाल्यावर इथे काम करायचा व्हिसा, २०२१ मध्ये सुरू झाला, मास्टर्सनंतर दोन वर्षं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती मुदत १८ महिन्यांवर येतेय (पीएचडीवाल्यांना तीन वर्षं कायम). या काळात कंपनीला काही कागदपत्रं करावी लागत नाहीत, एक पौंड खर्च नाही. पण अर्जात प्रश्न असतो: "आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?" म्हणजे कंपनीला तुमच्या व्हिसाची जबाबदारी घ्यावी लागेल का. खरं उत्तर द्यायचं, 'हो' म्हणायचं, आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच गाडी थांबते. माझ्या पहिल्या कंपनीच्या एचआर बाईंना असा व्हिसा असतो हेच माहीत नव्हतं. मी सरकारी संकेतस्थळावरचं पान छापून नेलं आणि टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला काहीच करायचं नाही?"

स्पॉन्सर करायची परवानगी असलेल्या कंपन्यांची यादी सरकारच प्रसिद्ध करतं, कुणालाही बघता येते. मी आधी सरसकट अर्ज टाकत होते, नंतर त्या यादीतूनच कंपन्या निवडायला लागले. अर्ज कमी झाले, बोलावणी वाढली.

सिन्नरकर

हप्त्याचा आकडा वाचून गप्प झालो. खरं आहे, मी एवढा पगार देऊ शकत नाही.

आयमाय

निफाडच्या ताई, पुढे स्पॉन्सर मिळाला का?

निफाडची_लेक

मिळाला, दुसऱ्या कंपनीत. स्पॉन्सर केलेल्या व्हिसासाठी वर्षाच्या पगाराची अट मात्र फार चढलीय. २०२४ च्या एप्रिलमध्ये ३८,७०० पौंड झाली, २०२५ च्या जुलैमध्ये ४१,७००. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना सवलत आहे म्हणून मी बसले त्यात. लंडनच्या बाहेर सुरुवातीला एवढा पगार फार थोडे लोक देतात. येणाऱ्यांनी विषय निवडतानाच हा आकडा समोर ठेवावा.

गंगापूर_रोड

मुळात पाठवणारेच चुकीचं पाठवतात. माझ्या भाच्याला आपल्याच शहरातल्या एका कन्सल्टन्सीने कॅनडातल्या खासगी कॉलेजात घातलं. नाव सरकारी कॉलेजाचं, शिकवणार भागीदार खासगी कॉलेज. ऑफिसात बसून मी स्वतः विचारलं होतं, "पुढे वर्क परमिट मिळेल ना?" "शंभर टक्के," असं म्हणाले होते. १५ मे २०२४ पासून अशा भागीदारीतल्या अभ्यासक्रमाला नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तो परमिट मिळत नाही. भाचा बसला सप्टेंबरात. परत गेलो तर म्हणतात नियम बदलला, आम्ही काय करणार. नियम मे महिन्यात बदलला होता, पैसे आमच्याकडून जूनमध्ये घेतले.

या लोकांना कॉलेजकडून कमिशन मिळतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कृपया प्रत्येकाने त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. दहावी झालेल्या माणसालाही डिक्शनरी घेऊन वाचता येईल एवढं सोपं लिहिलेलं असतं.

पंचवटी_एक्सप्रेस

वाचून फार वाईट वाटलं. भाचा आता काय करतोय?

गंगापूर_रोड

सरकारी कॉलेजात नव्याने प्रवेश घेतला, एक वर्ष वाया गेलं. पोरगा खंबीर आहे. नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडात शिकताना आठवड्याला २४ तास काम करता येतं, त्यावर स्वतःचं भागवतोय.

जर्मन_बाई

मी कॉलेज रोडला बारा वर्षं जर्मन शिकवतेय. ओझरकरांनी लिहिलंय ते माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला वाचून दाखवावंसं वाटतं. मुलं येतात आणि विचारतात, "बाई, व्हिसापुरतं ए१ करून द्या, दोन महिन्यांत." शून्यापासून बी२ पर्यंत पोचायला पाऊण तासाचे ६०० ते ८०० तास धरावे लागतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सुरू केलं तर आरामात होतं. शेवटच्या सेमिस्टरला सुरू केलं तर विमानात बसेपर्यंत डेअर-डी-डासच (नामांची लिंगं, अगदी पहिला धडा) चालू असतं. परीक्षा द्यायला पुण्याला मॅक्सम्युलर भवनला, म्हणजे जर्मन भाषेच्या संस्थेत, जावं लागतं, तेवढीच काय ती अडचण.

इंदिरानगरच्या ताई, तुमच्या लेकीला संध्याकाळी ऑनलाइन बसता येत असेल तर मला निरोप पाठवा. बी१ ची तयारी मी करून घेईन. पैशांचं नंतर बघू.

इंदिरानगरची_आई

बाई, डोळ्यांत पाणी आलं. निरोप पाठवतेय.

वर्धापनदिन

भाषेवर एवढा जोर कशाला? माझा मित्र बर्लिनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, पाच वर्षांत जर्मनचं एक वाक्य शिकला नाही, मस्त चाललंय.

ओझरकर_श्टुटगार्ट

दादा, बर्लिनच्या आयटीत चालतं, ते खरंच आहे. मेकॅनिकलला चालत नाही. मशीनवर उभ्या माणसाला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, समजावून सांगायचा असतो, तो इंग्रजी बोलत नाही.

मी जर्मन शिकलो ते सुपरमार्केटमध्ये. पहिल्या वर्षी मला वर्कस्टुडंट जागा मिळाली नाही, म्हणून तिथे लागलो. इथे रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकल्या की अनामत परत मिळते. ते मशीन दिवसातून चारदा अडकायचं. आत बाटली आडवी, बाहेर पिशवी घेऊन चिडलेल्या आजी. मी मागून दार उघडायचो, चिकट बाटली काढायचो आणि आजींची समजूत घालायचो. सहा महिने ते केलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, अडचण आली तर कसे वागता, तेव्हा मी त्या मशीनची गोष्ट सांगितली. घेतलं मला. म्हणून साध्या कामाला मी कमी लेखत नाही, पण माणसांशी बोलावं लागेल असं काम निवडा.

दिंडोरीचा_बागाईतदार

मी शेतकरी माणूस, पोरगं हॉलंडला शेतीचं शिकतंय म्हणून हे वाचतोय. एक सांगू का. आमची ऑक्टोबर छाटणी होते तेव्हाच ठरलेलं असतं, कोणता प्लॉट युरोपला आणि कोणता लोकलला. युरोपचा असला की ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंद, कोणतं औषध कधी बंद करायचं त्याची वही, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत. २०१० ला क्लोरमेक्वाटमुळे (वेलीची वाढ रोखायचं औषध, त्याचा अंश सापडला) आपला माल तिकडं अडकला तेव्हा कितीतरी चांगली माणसं बसली. द्राक्षं गोडच होती हो. पण घेणाऱ्याच्या देशात काय चालतं ते आपल्याला अगोदर ठाऊक नव्हतं. त्यानंतर शिकलो.

पोरांचं पण तसंच करायला पाहिजे. कंटेनर निघाल्यावर नियम वाचून काय उपयोग? काकू, तुमच्याकडे पोरं विचारायला येतात ना, त्यांना छाटणीच्या टायमालाच गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला.

आयमाय

बागाईतदार काका, हे प्रिंट काढून कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं.

डच_डायरी

बागाईतदार काकांचा मुलगा हॉलंडला आहे म्हणून आज लिहितेय. मी इथल्या एका विद्यापीठाच्या करिअर विभागात काम करते, मूळची नाशिक रोडची. धागाकर्तीचा दुसरा प्रश्न, विद्यापीठांनी आणि देशांनी काय करावं, त्यावर अजून फारसं कुणी बोललेलं नाही.

नेदरलंड्समध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला आठवड्याला १६ तास काम करता येतं, किंवा जून-जुलै-ऑगस्टमध्ये पूर्णवेळ. पण त्यासाठी मालकाला परवाना काढावा लागतो. फुकट असला तरी तो अर्ज, ते थांबणं आलंच. कॅफेवाला म्हणतो, शेजारची इटालियन मुलगी उद्यापासून येते, हिच्यासाठी मी वाट का बघू? म्हणजे जिथे अनुभव गोळा करायचा तिथेच पहिली अडचण. मात्र पदवीनंतर इथे 'शोधवर्ष' मिळतं. वर्षभर कुठलंही काम, मालकाला परवाना नको. पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही मागता येतं, म्हणजे घरी येऊन परत जाऊनही. आणि त्यानंतर उच्चकुशल म्हणून नोकरी घेताना पगाराची अट नेहमीपेक्षा बरीच कमी असते. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण ती मुलांना वेळ देते आणि मालकाचं ओझंही कमी करते.

आमच्या विभागात येणारी आपली मुलं कधी येतात ठाऊक आहे? पदवी हातात पडल्यावर, घाबरून. इथली मुलं पहिल्या महिन्यात येतात. आम्ही सीव्ही बघून देतो, लुटुपुटूची मुलाखत घेतो, माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतो, सगळं फीमध्येच धरलेलं. आपल्या मुलांना मात्र वाटतं की मदत मागणं म्हणजे कमीपणा.

विद्यापीठांचंही चुकतं, हे मी आत राहून सांगते. मेळावा भरवतात, त्यात चाळीस कंपन्या येतात, त्यातल्या तीस जणांना डच बोलणारेच हवे असतात, आणि हे स्टॉलवर पोचल्यावर कळतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही साधी गोष्ट केली: कंपनीच्या नावाशेजारी, इंग्रजी चालेल का आणि परदेशी विद्यार्थी घेणार का, एवढं छापलं. मुलांचे पाय वाचले. आणि कंपन्यांसाठी एका पानाचं पत्रक केलं, कोणत्या व्हिसावर काय करावं लागतं आणि काय लागत नाही. निफाडच्या ताईंनी एकटीने टेबलावर ठेवलेला कागद तो हाच. तो प्रत्येक विद्यापीठाने मुलांच्या हातात द्यायला हवा. भाषेचे वर्गही पहिल्याच सेमिस्टरपासून, श्रेयांकांसकट, अभ्यासक्रमात बसवायला हवेत. स्वखुशीवर ठेवले की प्रबंधाच्या धावपळीत सगळ्यात आधी तेच सुटतात.

सातपूर_ते_सिअॅटल

डच डायरी, फार छान लिहिलंत. अमेरिकेचं दोन ओळीत: पदवीनंतर ओपीटी (विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयात काम करायची परवानगी) १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४. पण पहिल्या टप्प्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहिलात तर मुक्काम धोक्यात. या भीतीपोटी मुलं खोटा अनुभव लिहून देणाऱ्या दुकानांकडे जातात. कृपया जाऊ नका, पुढे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी ते उघडं पडतं. त्या पहिल्या १२ महिन्यांत आपल्या विषयातलं आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी काम असेल तर तेही नोकरीत धरतात. माझे असे अडीच महिने निघाले, एका प्राध्यापकांकडे.

दिंडोरीचा_बागाईतदार

डच डायरी ताई, पोराला सांगितलं तुमच्या विद्यापीठासारखा विभाग आपल्याकडं आहे का बघ. तो म्हणतो आहे, पण दीड वर्षात गेलोच नाही. सोमवारी जातो म्हणाला.

सिन्नरकर

दोन दिवस विचार करून परत आलोय. माझा थोडा माल जर्मनीला जातो, तिकडचा एक खरेदीदार आहे, पंप बनवणारी कंपनी. कधीपासून म्हणतायत, भारतातल्या पुरवठादारांशी बोलायला आमच्याकडे माणूस नाही, ड्रॉइंगवरून ईमेलचा गोंधळ होतो. काकू, तुमच्या लेकीने अंबडला काम केलंय, म्हणजे आपलं शॉप फ्लोअर तिला ठाऊक आहे. मी त्यांना पत्र लिहितो. नोकरीची हमी देत नाही, ओळख करून देतो.

ओझरकर_श्टुटगार्ट

सिन्नरकर काका, ही फार मोठी गोष्ट आहे! सीव्ही पाठवण्याआधी मला दाखवा. अंबडची दोन वर्षं वरती आली पाहिजेत. किती मशीन, कोणते भाग, किती पुरवठादार सांभाळले, आकड्यांसकट. इथले लोक ते आधी वाचतात. आपली मुलं ते तळाशी एका ओळीत लिहितात.

इंदिरानगरची_आई

तिला फोन करून सगळा धागा वाचून दाखवला. अंबडचं खरंच तळाशी एका ओळीत होतं. आज तिने ते वर घेतलंय, तीन परिच्छेद झाले. जर्मन बाईंकडे कालपासून बसतेय. एक्सेलमध्ये नवी ओळ घातलीय सिन्नरकर दादांच्या खरेदीदाराची. रंग कोणता द्यायचा म्हणून विचारत होती. मी म्हटलं हिरवा दे, त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

जूनमध्ये तिच्या कॉलेजला जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलायचं ठरवलंय, सरांशी बोलणं झालं. बागाईतदार भाऊ, तुम्ही याल का? छाटणीचं तुम्हीच सांगितलेलं बरं.

आणि ओझरकर, सीव्ही बघायला तिला वेळ कधी देशील? मीही कॉलवर बसेन म्हणते, शनिवारी आमच्याकडचे संध्याकाळचे साडेसात चालतील का?

दिंडोरीचा_बागाईतदार

येतो की. जूनमध्ये बागेत फार काम नसतं. तारीख कळवा.

ओझरकर_श्टुटगार्ट

साडेसात म्हणजे माझ्याकडे दुपारचे चार. चालेल. तिला म्हणावं, सीव्ही जर्मनमध्ये आण, चुकांसकट.